बाकावरचे वैद्य

ही गोष्ट दूरच्या फ्रान्स देशातली आहे, बरं का. पॅरिस हे तिथले मोठे शहर. सुमारे १६२० साली तिथल्या दोफिन चौकात लोकांची गर्दी जमे. चौकात फळ्यांचा मंच होता. त्यावर दोघे भाऊ उभे राहत. मोंदोर विद्वान वैद्य बने. ताबारिन बने त्याचा येडा चाकर. ताबारिनची टोपी मऊ होती. तो ती दाबून, दुमडून नवेनवे आकार करी. लोक तेवढ्यानेच हसत.

कुत्रा लघवीला पाय वर का करतो, असले प्रश्न ताबारिन विचारी. मोंदोर गंभीर चेहऱ्याने, जड जड शब्दांत उत्तर देई. ताबारिन ते उडवून लावी आणि आपलेच चावट उत्तर देई. लोक पोट धरून हसत.

मग मलमाच्या डब्या बाहेर निघत. हसलेला माणूस सैल पडतो. फुकट तमाशा पाहिला, आता चार पैसे द्यावेत, असे त्याला वाटते. शेजारी घेतो म्हणून हाही घेतो. आणि मोंदोरचे ते जड शब्द? ते कळत नसत, म्हणूनच खरे वाटत.

इटलीतही असे वैद्य होते. 'बाकावर चढणारा' असे त्यांना नावच पडले. ते गावोगाव फिरत. औषधाला गुण नाही हे कळेपर्यंत वैद्य पुढच्या गावी! तक्रार कुणाकडे करणार?

बाजारात असा हसवणारा तुम्हीही पाहिला असेल. मी एकदा त्याच्याकडून दातदुखीची पूड घेतली. हसतच घरी आलो. पंधरा दिवस ती चोळली. शेवटी दात काढावाच लागला.