झाकण झाकू नका

तुमच्या घरासमोरच्या लॉनमध्ये तळहाताएवढं एखादं गोल झाकण दिसतं का? बहुतेक वेळा ते प्लॅस्टिकचं असतं आणि त्याच्या मधोमध चौकोनी उंचवटा असतो. अमेरिकेत त्याला ‘क्लीनआउट’ म्हणतात. महाराष्ट्रात याच कामासाठी विटांचं ‘चेंबर’ बांधतात.

घरातलं सांडपाणी जमिनीखालच्या एका नळीतून रस्त्याखालच्या मोठ्या गटारात जातं. या नळीत कधी झाडाची मुळं शिरतात, तर कधी सिंकमध्ये ओतलेलं तेल-तूप थिजून बसतं. मग नळी तुंबते. प्लंबर येतो, झाकण उघडतो, लांब केबल आत घालतो आणि नळी मोकळी करतो.

आता समजा, घरात दुसरी गाडी आली आणि आई-बाबांनी ड्राइव्ह-वे रुंद करायचं ठरवलं. झाकण नेमकं मध्ये येतंय. ठेकेदार म्हणाला, “वरून काँक्रीट टाकू, काही होत नाही.” खरंच, त्या दिवशी काही होत नाही. पण पुढे नळी तुंबली, की पाणी उलटं फिरतं आणि घरात सगळ्यात खाली जी जागा असेल, तिथून वर येतं. बेसमेंट असेल तर तिथूनच! तेव्हा प्लंबरला संडासाचं भांडं काढून आत शिरावं लागतं, नाहीतर नवं काँक्रीट फोडावं लागतं.

मग ड्राइव्ह-वे करायचाच नाही का? करा की! फक्त चार गोष्टी सांभाळा.

१. आधी गावाच्या परवाना खात्यात विचारा. रस्त्याखालच्या गटाराचं मोठं मॅनहोल तुमच्या जागेत असलं, तरी ते परस्पर झाकता येत नाही.

२. खोदण्याच्या काही दिवस आधी ८११ ला कळवा. ही सेवा फुकट आहे. जमिनीवर रंगाच्या खुणा करून देतात: गॅसला पिवळा, विजेला लाल, पिण्याच्या पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा. घराची स्वतःची सांडपाण्याची नळी मात्र बऱ्याचदा त्यात येत नाही. ती प्लंबरकडून शोधून घ्या.

३. नळीची उंची नव्या काँक्रीटला जुळवून घ्या. नळीभोवती वेगळी पेटी बसवा, म्हणजे गाडीचं वजन नळीवर येणार नाही.

४. वर गाडीचा भार सोसणारं बिडाचं झाकण हवं. बीड म्हणजे आजीचा जड काळा तवा असतो ना, तेच लोखंड!

काम सुरू होण्याआधी झाकणाचा फोटो काढा आणि ते भिंतीपासून किती फुटांवर आहे, तेही लिहून ठेवा. हे काम तुम्हीसुद्धा करू शकता.

शब्दार्थ
सांडपाणी – वापरून झालेलं घाण पाणी
तुंबणे – वाट अडल्यामुळे साचून राहणे
थिजणे – गार होऊन घट्ट होणे
परस्पर – कोणाला न विचारता

शब्दांची गंमत
झाकणे – झाकण, वळणे – वळण, दळणे – दळण. अशी आणखी एक जोडी शोधा.

प्रश्न
१. नळी तुंबल्यावर पाणी घरात कुठून वर येतं? का?
२. ठेकेदाराला तुम्ही काय उत्तर द्याल? तीन वाक्यांत लिहा.
३. आजी-आजोबांना फोन करून विचारा: त्यांच्या इमारतीचं चेंबर कुठे आहे?