संगीतयंत्र : एकगुणी की सर्वगुणी?

हा प्रश्न नवा नाही. रेडिओ व टेप एकाच पेटीत देणारा ‘टू-इन-वन’ घरोघरी होता, तेव्हा टेप बिघडली की रेडिओही दुरुस्तीला जाई. उलट, १९७९ साली सोनी कंपनीने काढलेल्या वॉकमनमध्ये ना रेडिओ होता, ना ध्वनिमुद्रण, केवळ श्रवण. २००१ साली आयपॉड आला. २००७ च्या आयफोनने संगीत, दूरध्वनी व इंटरनेट एकत्र आणले आणि २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद केला. बाजाराचा कौल उघड आहे.

मग विंझरच्या विद्यार्थ्याने काय करावे? प्रथम साठवणीचा विचार करू. १२८ किलोबिट दराच्या एमपीथ्री गाण्यास मिनिटाला सुमारे एक मेगाबाइट जागा लागते. म्हणजे एका गिगाबाइटात पाच मिनिटांची सुमारे दोनशे गाणी मावतात. राजगड-तोरण्याच्या डोंगरांआड रेंज गेली तरी फोनमध्ये उतरवलेली गाणी वाजतातच. तेवढ्यासाठी वेगळे यंत्र नको.

खरा फरक बॅटरीचा व एकाग्रतेचा. गाणे, चित्रपट, नकाशा सारे एकाच बॅटरीवर चालते. शेवटची एस.टी. चुकली आणि फोनही बंद पडला, तर घरी निरोप कसा द्यावयाचा? शिवाय बंदिश ऐकताना मध्येच संदेश आला की अभ्यास तुटतो. साध्या यंत्रात हे विघ्न नाही.

तात्पर्य, केवळ करमणुकीसाठी फोन पुरेसा आहे. रोज लांबचा प्रवास करणाऱ्याने किंवा संगीताच्या अभ्यासकाने मात्र साधे संगीतयंत्र जवळ बाळगावे. खर्च थोडा, पण फोन अडीअडचणीसाठी शिल्लक राहतो.