स्वयंसेवक वैमानिकांच्या स्मारकाचा ठावठिकाणा

बंगळूरच्या मल्लेश्वरम वस्तीला ज्या देवस्थानावरून नाव मिळाले, त्या काडू मल्लेश्वराच्या मंदिराशी संबंधित एक शिलालेख इ. स. १६६९ चा आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी देवाच्या पूजेअर्चेसाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. मराठी वाचक या लेखाकडे पाहतो तो भोसले घराण्याच्या दक्षिणेतील वास्तव्याची खूण म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. दात्याने नुसता दगड कोरून ठेवला नाही. त्याने एका गावाचे उत्पन्न लावून दिले. दिवाबत्ती कोण करील, नैवेद्याचा खर्च कोठून निघेल, याचा विचार दानातच अंतर्भूत होता. स्मारकाला जागा लागते, राखणदार लागतो आणि राखणदाराला दरसाल उत्पन्न लागते. आधुनिक काळातील स्मारक समित्या पहिल्या गोष्टीसाठी जिवाचे रान करतात आणि उरलेल्या दोन गोष्टी पुढच्या पिढीवर सोडून देतात.

विसाव्या शतकातील स्वयंसेवक वैमानिकांच्या स्मारकांबाबत हे विशेष जाणवते. नियमित सैन्यातील पलटण शंभर वर्षे टिकते. तिचे ध्वज, पदके आणि मृतांच्या याद्या तिच्याबरोबर चालत राहतात. स्वयंसेवकांचा गट एका प्रसंगासाठी जमतो आणि प्रसंग सरला की पांगतो. मग त्याच्या मृतांचे वारस कोण?

या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उदाहरण बंगळूरशी अनपेक्षित रीतीने जोडलेले आहे. मल्लेश्वरमला लागूनच भारतीय विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर आहे. तेथे १९४२ च्या अखेरीस वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीत कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा मोठा वाटा होता. जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेल्या या शास्त्रज्ञानेच पुढे ‘एचटी-२’ या पहिल्या भारतीय प्रशिक्षण विमानाचा आराखडा केला, आणि ते १९५१ साली आकाशात झेपावले. परंतु असा विभाग युद्धाच्या ऐन धामधुमीत, आणि तोही बंगळुरातच, निघाला याचे कारण म्हणजे तेथे दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेला विमानांचा कारखाना.

हा कारखाना म्हणजे हिंदुस्थान एअरक्राफ्ट. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये तो उभा केला. त्यासाठी लागणारे तांत्रिक ज्ञान त्यांना विल्यम पॉली या अमेरिकन व्यापाऱ्याकडून मिळाले. वालचंदांची आणि पॉलींची गाठ पडली ती प्रशांत महासागरावरील विमानप्रवासात. पॉली त्या वेळी चीनला विमाने पुरवीत होते, आणि युन्नान प्रांतात ब्रह्मदेशाच्या सीमेलगत लोइविंग येथे त्यांच्या सेंट्रल एअरक्राफ्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा, म्हणजे ‘कॅम्को’चा, कारखाना होता. तेव्हा बंगळूरच्या कारखान्याचे एक मूळ सोलापुरात आहे, तर दुसरे युन्नानमध्ये.

आता या ‘कॅम्को’चे दुसरे काम पाहू. १९४१ साली अमेरिका अद्याप युद्धात उतरलेली नव्हती. जपानी हल्ल्यांनी जेरीस आलेल्या चीनच्या मदतीसाठी क्लेअर शेनॉल्ट या निवृत्त अमेरिकन अधिकाऱ्याने वैमानिकांचा एक गट उभारण्याचे ठरवले. अध्यक्ष रूझवेल्ट यांची त्याला संमती होती. पण तटस्थ राष्ट्राच्या सैनिकांनी परक्या युद्धात उघड उघड कसे लढावे? तोड अशी काढण्यात आली की, स्वयंसेवकांनी आपल्या सैन्यातून राजीनामा द्यायचा आणि कागदोपत्री ‘कॅम्को’चे नोकर व्हायचे. साध्या वैमानिकास महिना ६०० डॉलर, स्क्वॉड्रनच्या प्रमुखास ७५०, आणि पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे ५०० डॉलर असा दर होता. सुमारे १०० वैमानिक आणि त्यांच्या दुप्पट तंत्रज्ञ व कर्मचारी या रीतीने गोळा झाले. या अमेरिकन स्वयंसेवक गटालाच जगाने पुढे ‘फ्लाइंग टायगर्स’ म्हणून ओळखले.

गटाची पहिली चकमक २० डिसेंबर १९४१ रोजी कुनमिंगच्या परिसरात झाली आणि ४ जुलै १९४२ रोजी गट विसर्जितही झाला. नियमित सैन्यात दाखल होऊन चीनमध्येच राहण्यास अवघे पाच वैमानिक तयार झाले. एवढ्या अल्प काळात गटाने जवळजवळ ३०० शत्रुविमाने पाडल्याची नोंद आहे. जपानी कागदपत्रे पडताळून पाहणारे अभ्यासक मात्र हा आकडा ११५ च्या आसपास आणतात. स्मारकावर कोणता आकडा कोरावा, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही. शौर्य खरे असते तेव्हाही युद्धाच्या धुमाळीतील मोजदाद खरी असतेच असे नाही, आणि दगडावरील चूक खोडता येत नाही. माझ्या मते अशा ठिकाणी नावे कोरावीत आणि आकड्यांची चर्चा पुस्तकांसाठी ठेवावी.

हे लोक सैनिक होते की भाडोत्री लढवय्ये, हा वाद अर्धशतक चालला. १९९१ साली अमेरिकन शासनाने त्यांची सेवा ही लष्करी सेवा म्हणून मान्य केली आणि पदके तर १९९६ साली दिली. तोवर गटातील बरेच जण हयात नव्हते. मान्यतेच्या या अनिश्चिततेचा परिणाम मृतांच्या वाट्याला कसा आला, ते तीन वैमानिकांच्या हकीकतीवरून दिसते.

जॉन आर्मस्ट्राँग, मॅक्स हॅमर आणि पीटर ॲटकिन्सन हे तिघे १९४१ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांत, म्हणजे गटाची शत्रूशी पहिली गाठ पडण्यापूर्वीच, ब्रह्मदेशातील टाउंगू येथे सराव करताना अपघातांत मृत्यू पावले. आर्मस्ट्राँग यांच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी हवेत टक्कर झाली. हॅमर पावसाळी हवेत कोसळले. ॲटकिन्सन यांचे विमान अतिवेगाने खाली झेपावताना मोडले. टाउंगूच्या सेंट ल्यूक चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. पुढे जपानी फौजा आल्या आणि गेल्या. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकन पथकाने तिघांचे अवशेष बाहेर काढले. पण कोणते कोणाचे हे ठरेना. १९४८ च्या जानेवारीत ते आपल्या बंगालमधील बराकपूरच्या अमेरिकन दफनभूमीत तात्पुरते ठेवले गेले, तेथून हवाईला नेले गेले आणि अखेर होनोलुलूच्या राष्ट्रीय दफनभूमीत अनोळखी म्हणून पुरले गेले. २०१६ साली ते पुन्हा उकरण्यात आले आणि २०१७ मध्ये आप्तांच्या जनुकीय नमुन्यांशी ताडून तिघांचीही ओळख पटली. ७६ वर्षांनी त्या अस्थींना स्वतःची नावे परत मिळाली. मृतदेहालाच चार वेळा ठिकाण बदलावे लागले, तेथे स्मारकाची काय कथा!

तुलनेसाठी दुसरे एक थडगे पाहावे. इंद्रलाल रॉय हा बंगाली तरुण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात दाखल झाला आणि २२ जुलै १९१८ रोजी फ्रान्सच्या आकाशात मारला गेला. एस्तेव्हेल येथील त्याची समाधी आजही नीट राखलेली आहे, कारण १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाच्या यादीत तिची नोंद आहे आणि तिच्या निगराणीचा भार अनेक देशांची सरकारे उचलतात. येथे भावनेपेक्षा वहीतील नोंद अधिक उपयोगी पडली.

स्मारकांचे स्थलांतर ही काही नवलाची गोष्ट नाही. शेनॉल्ट यांचा पुतळा १९६० साली तैपेईच्या न्यू पार्कमध्ये बसविण्यात आला. त्या उद्यानाचे नाव आणि प्रयोजन १९९६ मध्ये बदलले. २००६ साली पुतळा हुआलियेनच्या हवाई तळावर हलवण्यात आला. लंडनच्या ग्रोव्हनर चौकात ‘ईगल स्क्वॉड्रन’मधील अमेरिकन स्वयंसेवकांचा स्तंभ १९८६ साली उभारला तो तेथे अमेरिकन दूतावास होता म्हणून, २०१८ मध्ये दूतावास नदीपलीकडे गेला आणि स्तंभ मागे राहिला. ज्या शेजारामुळे जागा निवडावी तो शेजारच उठून जातो! चीनमध्ये ग्वेलिन येथे मात्र वेगळा मार्ग पत्करण्यात आला. जुन्या यांगतांग धावपट्टीजवळच्या ज्या गुहेतून शेनॉल्ट यांच्या हवाई दलाची सूत्रे हलवली जात, तिच्याभोवतीच २०१५ साली स्मृतिउद्यान करण्यात आले. गुहा कोठे हलवता येत नाही, हा त्या जागेचा मोठाच गुण.

पण केवळ उत्तम जागा पुरत नाही, हे पॅरिसजवळील मार्न-ला-कोकेत येथील स्मारकाने दाखवून दिले आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या ‘लाफायेत’ पथकाच्या अमेरिकन स्वयंसेवकांसाठी ४ जुलै १९२८ रोजी तेथे एक भव्य कमान उभी राहिली. खालच्या तळघरात ६८ दगडी शवपेटिका आहेत. काही रिकाम्याच, कारण त्यांच्या धन्यांचे देह कधी सापडले नाहीत. श्रीमंत दात्यांनी निधी ठेवला, विश्वस्त मंडळ नेमले. व्यंकोजींच्या दानासारखीच योजना होती म्हणा ना. परंतु गावाचे उत्पन्न पिकाबरोबर वाढते, ठेवीचे व्याज महागाईबरोबर वाढतेच असे नाही. तळघरात पाणी झिरपू लागले, दगड खचू लागला, आणि डागडुजीचा खर्च विश्वस्तांच्या आवाक्याबाहेर गेला. शेवटी फ्रेंच व अमेरिकन साहाय्याने २०१६ मध्ये, पथकाच्या शताब्दीच्या वेळी, जीर्णोद्धार झाला आणि २०१७ च्या आरंभी अमेरिकन शासनाच्या युद्धस्मारक आयोगाने ही वास्तू आपल्या ताब्यात घेतली. शंभर वर्षांपूर्वी जे नियमित सैन्याबाहेर लढले, त्यांच्या अस्थी अखेरीस सरकारी दप्तरात दाखल झाल्या. यात कोणाला उपरोध वाटेल. मला त्यात व्यवहारी शहाणपण दिसते.

दुसरा एक मार्ग म्हणजे स्मारक एखाद्या चालत्या संस्थेच्या पोटात ठेवणे. वस्तुसंग्रहालयाला स्मारकाव्यतिरिक्त स्वतःचे प्रयोजन असते. शाळांच्या सहली येतात, तिकिटे विकली जातात, छपराची गळती कोणाच्या तरी लक्षात येते. ईशान्य भारतात पासीघाट येथे २०२३ च्या नोव्हेंबरात उघडलेले ‘हम्प’ संग्रहालय याच जातीचे आहे. आसामातून हिमालयाच्या कड्यावरून चीनला रसद नेताना कोसळलेल्या विमानांचे अवशेष तेथे मांडलेले आहेत. ते डोंगरात सापडले ते बहुधा स्थानिक शिकारी आणि वाटाडे यांना, आणि म्हणून स्थानिकांनाही ते आपले वाटतात.

बंगळुरातील कारखान्याने २००१ साली आपले वारसा केंद्र आणि विमानसंग्रहालय सुरू केले. एचटी-२ आणि मरुत यांची हकीकत सांगण्याचे ते स्वाभाविक स्थान आहे. पण त्याच कारखान्याच्या पूर्वेतिहासात १९४२ चा उन्हाळाही मोडतो. जपानी फौजा जवळ आल्यावर लोइविंगचा कारखाना सोडून द्यावा लागला आणि ‘कॅम्को’ची माणसे बंगळूरला येऊन कामाला लागली. ज्या कंपनीच्या पगारपत्रकावर आर्मस्ट्राँग, हॅमर आणि ॲटकिन्सन यांची नावे होती, तिचेच हे कारागीर. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये वालचंदांचे भाग सरकारने विकत घेतले, आणि पुढल्या वर्षी हा कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती करू लागला.