मागे राहिलेल्यांची बाजू

कामगारकपातीचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच काढून टाकलेल्यांकडे जाते. परंतु कामावर राहिलेल्यांच्या मनावरही तिचा खोल परिणाम होतो. औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली घातलेल्या तरतुदींनी नुकसानभरपाईबरोबरच, सामान्यतः शेवटी नेमलेल्यास प्रथम कमी करावे, हे तत्त्व घालून दिले. 1957 च्या केंद्रीय नियमांनी कपातीपूर्वी किमान 7 दिवस सेवाज्येष्ठतेची यादी सूचनाफलकावर लावण्याचे बंधन घातले. त्या यादीत प्रत्येकास आपले स्थान पाहता येई. याउलट निकष गुप्त राहिला, की उरलेला कामगार सहकाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो आणि यंत्रातील दोष दिसला तरी तो सांगण्यास कचरतो. उघड निकष हा जाणाऱ्याइतकाच राहणाऱ्याचाही आधार होय.