मागून येणाऱ्या गाडीचा ब्रेक आणि त्याची शक्ती

स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा धान्याच्या भावांविषयी अथवा मंडीतील तोलाईविषयी लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांत आपणा सर्वांचा अभ्यास माझ्याइतकाच, किंबहुना अधिकच आहे. म्हणून ज्या एका प्रश्नाने मला अनेक वर्षे स्वस्थ बसू दिले नाही, तो येथे मांडतो. प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि उभा जन्म गव्हाच्या पोत्यांत गेला. तेव्हा विवेचनात काही ओबडधोबडपणा आढळल्यास वाचकांनी क्षमा करावी.

बाग सेवनियातील आमच्या घरापासून नर्मदापुरम रस्ता दूर नाही. रब्बीचा माल निघू लागला की ओबेदुल्लागंज, मंडीदीपकडून येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची घरघर पहाटेपासून कानी पडते. मंडीत आपण ट्रॉलीवरील मालाचा दाणा न् दाणा पारखतो, परंतु ती ट्रॉली थांबते कशी, याचा विचार सहसा करीत नाही. साधारण ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते. ट्रॉलीत सत्तर क्विंटल गहू भरला, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनासह भार नऊ टनांच्या घरात जातो. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागील दोनच चाकांना असतात. पुढील चाके केवळ दिशा दाखवितात. त्यातही डाव्या-उजव्या चाकांची पेडले निरनिराळी असून, शेतातून रस्त्यावर येताना ती कडीने एकत्र जोडावी लागतात. ती कडी लावावयाची राहिली व घाईत एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर जागीच वळतो आणि मागील नऊ टन त्यास आडवे करतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांना मी स्वतंत्र ब्रेक पाहिलेला नाही. म्हणजे थांबविणारा दोन टनांचा आणि ढकलणारा नऊ टनांचा!

1998 साली आमच्याच मालकीची एक भरलेली ट्रॉली चढावर असताना जोडणीची पिन निसटली. ट्रॅक्टर पुढे गेला, ट्रॉली मागे घरंगळू लागली. बरोबरचा हमाल चाकाला दगडाची उटी लावण्यासाठी धावला आणि त्याचा पाय चाकाखाली सापडला. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. पुढे तो वीस वर्षे आमच्याच गोदामात काट्यावर बसून वजने लिहीत असे. त्याने मला कधी एक शब्दही ऐकविला नाही, हे मला अधिकच जड गेले. कारण अपघातापूर्वी दोन वर्षे एका कारागिराने ट्रॉलीला ब्रेक बसवून देतो म्हणून सांगितले होते आणि मी तो खर्च अनाठायी समजून टाळला होता.

त्या कारागिराची योजना अशी होती : ट्रॅक्टरच्या पंपाचे तेल एका नळीने ट्रॉलीच्या चाकांपर्यंत न्यावयाचे, चालकाने ब्रेक दाबताच तेलाच्या दाबाने ट्रॉलीचेही ब्रेक लागावयाचे. योजना वाईट नव्हती. उतारावर तिचा निश्चित उपयोग झाला असता. परंतु पिन निसटली की नळीही तुटणार आणि नळी तुटली की तेलाचा दाब शून्य! म्हणजे तो ब्रेक बसविला असता, तरी त्या दिवशी पाय वाचला नसता. ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली आणि तिने मनाचे ओझे हलके झाले नाही.

ती कळली परदेशात. 2019 साली अमेरिकेतील पुतण्याने आग्रहाने बोलावून घेतले. तेथे पुष्कळ कुटुंबे स्वयंपाकघर, बिछाने व न्हाणीघर असलेल्या मोठ्या मोटारीतून देश पाहतात. तिला मोटरहोम म्हणतात. गावात हिंडण्यासाठी एक लहान मोटार तिच्या मागे दांड्याने जोडून, चारही चाके जमिनीवर ठेवून ओढीत नेतात. ॲरिझोनात एका मुक्कामी सकाळी ती लहान मोटार सुरूच होईना. पुतण्या म्हणाला, “काका, काल दिवसभर तिचा ब्रेक चालला, म्हणून बॅटरी उतरली.” इंजिन बंद असलेल्या गाडीचा ब्रेक चालतो कसा, असे मी विचारले आणि आमचा सारा दिवस त्याच चर्चेत गेला.

मोटारीच्या ब्रेकला बूस्टर नावाचा एक डबा साहाय्य करतो. पेट्रोल इंजिन हवा शोषून घेते, त्यामुळे त्या डब्याच्या एका बाजूस निर्वात निर्माण होतो व बाहेरील हवेचा दाब आपल्या पायास जोड देतो. इंजिन बंद असल्यास साठलेला निर्वात दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरता टिकतो. पुढे पेडल लाकडासारखे कठीण होते. बंद पडलेली मोटार दोराने ओढून नेताना तिच्यात घरातील मुलगा बसतो, त्यास हे अवश्य सांगून ठेवावे. अंतर अधिक ठेवावे व दोन्ही पायांच्या जोराने ब्रेक दाबण्याची तयारी ठेवावी.

मोटरहोमवाले यावर असा उपाय करतात की, मागील मोटारीत चालकाच्या आसनापुढे एक पेटी ठेवावयाची. गती मंदावल्याचे तिला आपोआप समजते व तिचा दांडा पेडल दाबतो. पेटी चालते त्याच मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर. पेडल दाबले की मागील दिवेही लागतात. शिवाय चाके वळती राहावीत म्हणून कित्येक मोटारींची किल्ली अर्धी फिरवून ठेवावी लागते, तेही वीज खाते. जमाखर्च मांडून पाहावा : सरासरी तीन अँपिअर धरले, तर आठ तासांत चोवीस अँपिअर-तास नावे पडले. बॅटरी पंचेचाळीसची. इंजिन बंद, म्हणजे जमेच्या बाजूस काहीच नाही. अर्ध्याहून अधिक भांडवल एका दिवसात खर्ची पडले, तर गाडी सुरू होणार कोठून?

यावर उपाय म्हणजे मोटरहोममधून एक तार आणून मागील बॅटरी चालता चालता भरत राहणे. मात्र तार बारीक असता कामा नये. जोडणी बारा मीटर दूर असेल, तर जाणे-येणे मिळून चोवीस मीटर तांबे झाले. एक चौरस मिलिमीटरच्या तारेत पाच अँपिअर नेताना सुमारे दोन व्होल्ट वाटेतच नष्ट होतात. चार चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्धा. तारेवर फ्यूज हवाच.

आणखी एक बारीक पोलादी दोरी मोटरहोमला बांधलेली असते. दांडा तुटून मोटार सुटली, तर ती दोरी एक खटका ओढते व पेटी ब्रेक दाबून धरते. येथे मर्म आहे. त्या क्षणी पुढच्या गाडीकडून येणारी तारही तुटलेली असते; ब्रेकला उपयोगी पडते ती केवळ मागील मोटारीत शिल्लक असलेली वीज. अमेरिकेत व्यापारी वाहतुकीच्या ट्रेलरांना तर असा नियमच आहे की, ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लागून निदान 15 मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत.

परत आल्यावर ध्यानात आले की, हे तत्त्व रोज आमच्या घराजवळून जात होते. इटारसीकडे जाणाऱ्या मालगाड्यांच्या प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी असते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1869 साली हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा हवा इंजिनातूनच थेट ब्रेकपर्यंत जात असे व नळी फुटली की सारी गाडी ब्रेकविना राही. पुढे 1872च्या सुमारास त्यांनी रचना उलटी केली. नळीतील दाब ब्रेक सोडून ठेवतो. दाब गेला की प्रत्येक डबा आपल्याच टाकीतील हवेने ब्रेक लावतो.

आमच्या दोन्ही ट्रॉल्यांना आता हीच व्यवस्था आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनावर लहान कॉम्प्रेसर, ट्रॉलीखाली स्वतंत्र टाकी व दोन नळ्या : एक टाकी भरणारी, दुसरी चालकाचा हुकूम पोहोचविणारी. भरणारी नळी तुटली की ब्रेक आपोआप लागतो. खर्च बराच आला. चिरंजिवांनी आकडा पाहून भुवया उंचावल्या, तेव्हा मी जुनी खातेवही काढून 1998चे पान त्यांच्यापुढे ठेवले.

टाकीतील हवा हळूहळू गळते, म्हणून ट्रॉली उभी करून सोडताना या ब्रेकवर विसंबू नये. चाकाला उटी लावावीच, मात्र गाडी पूर्ण थांबल्यावर. टाकीत दमटपणाचे पाणी साचते, ते तळाची चावी उघडून रोज सकाळी काढून टाकावे. नळ्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते हंगामापूर्वी पाहावे. गेल्या फाल्गुनात आमच्या एका नळीला अशी चीर सापडली. ती बदलून ट्रॉली चौथ्या दिवशी मंडीकडे गेली.