मेंदूचा नकाशा : सरासरी आणि व्यक्ती

मानवी प्रमस्तिष्काचा बाहेरील थर, म्हणजेच प्रमस्तिष्क बाह्यक, जेमतेम २ ते ४ मिलीमीटर जाडीचा असतो. वाचा, दृष्टी, स्पर्श, ऐच्छिक हालचाल ही कार्ये या थराच्या कोणत्या क्षेत्रांशी निगडित आहेत, हे निश्चित करणे म्हणजे कार्यात्मक मानचित्रण होय. त्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

पहिली पद्धत इजेवरून कार्य ओळखण्याची. फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये, वाचा गमावलेल्या रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी करून कपाळामागील डाव्या भागातील इजा दाखवून दिली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी भाषेच्या आकलनाचा संबंध डाव्या कानामागील क्षेत्राशी जोडला.

दुसरी पद्धत विद्युत् उद्दीपनाची. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. त्यामुळे कॅनडातील मॉन्ट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड अपस्माराच्या रुग्णास जागे ठेवून बाह्यकास सौम्य विद्युत्प्रवाह देत आणि त्याचा प्रतिसाद नोंदवीत. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नकाशात हात व चेहरा यांना धडापेक्षा कितीतरी अधिक जागा मिळालेली दिसते. मॉन्ट्रियल येथेच प्रशिक्षण घेतलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे मेंदू-शस्त्रक्रिया विभाग सुरू केला; मुंबईत या शाखेचा पाया घालणारे डॉ. राम गिंडे हेही पेनफिल्ड यांचेच शिष्य.

तिसरी पद्धत फंक्शनल एमआरआयची. कार्यरत क्षेत्रातील रक्तप्रवाह व ऑक्सिजन यांतील बदल तीत टिपले जातात. २१० व्यक्तींच्या अशा प्रतिमांच्या आधारे २०१६ मध्ये प्रत्येक गोलार्धात १८० क्षेत्रे निश्चित करण्यात आली.

तथापि सरासरी नकाशा म्हणजे प्रत्येक व्यक्तीचा नकाशा नव्हे. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या प्रतिमांवरून मेंदूच्या रचनेचा नकाशा सादर केला. त्यात भारतीय मेंदूची सरासरी लांबी-रुंदी पाश्चात्त्य नमुन्याहून कमी आढळली. आकारातील या फरकाचा बुद्धीशी संबंध नाही. परंतु परदेशी नमुना मोजपट्टी म्हणून वापरल्यास निदानात चूक संभवते. भाषेबाबत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. द्विभाषिक व्यक्तींत दोन भाषांची काही स्थाने वेगवेगळी असू शकतात, हे १९७८ पासून ज्ञात आहे. म्हणूनच मराठी भाषक रुग्णाच्या मेंदूतील गाठ काढताना त्याला वस्तूंची नावे केवळ इंग्रजीत विचारणे पुरेसे ठरत नाही. त्याची मराठी गमावण्याचा धोका उरतोच. यंत्रखरेदीइतकीच मातृभाषेतील प्रमाणित चाचण्यांवरील गुंतवणूकही सार्वजनिक आरोग्याचा भाग मानली पाहिजे.