दंड दहा हजार, तारखांचा हिशेब वेगळा

रात्री नाकाबंदीत फुंकायला लावलं आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल निघालं, की गोरेगावकराच्या तोंडी वाक्य ठरलेलं : "साहेब, इथंच भरतो ना काय ते!" तसं भरता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ला जागेवर तडजोड नाही, कोर्टातच जावं लागतं.

दिंडोशीचं कोर्ट जवळ आहे म्हणून तिकडे जाऊ नका. ते सत्र न्यायालय. ही केस दंडाधिकाऱ्यांपुढे चालते, बहुधा बोरिवलीला. तरी समन्सवर लिहिलेलं कोर्ट तेच खरं.

पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा १५,००० किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय दोषी ठरलात तर लायसन्स किमान ६ महिने बंद. रिक्षा-टॅक्सीवर पोट असणाऱ्याला खरा फटका हाच.

गुन्हा कबूल केला तर प्रकरण बहुधा एकाच फेरीत मिटतं, पण शिक्षेची नोंद राहते आणि पुढची चूक 'दुसरी' ठरते. लढायचं ठरवलं तर धीर हवा. रक्ताचा अहवाल यायचा असतो, साक्षीदार हवालदाराची बदली झालेली असते, डॉक्टर त्या दिवशी येत नाहीत. लोकलचं तिकीट किरकोळ हो, बुडालेला रोज मोजा. दिवसाची कमाई गुणिले तारखा, वर वकील. फी पूर्ण केसची की दर तारखेची, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारा.

माणूस दगावला तर हिशेबच बदलतो. सलमान खानच्या गाडीचा वांद्र्यातला अपघात २८ सप्टेंबर २००२ चा. सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ६ मे २०१५ ला, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. १३ वर्षं! तेवढी वर्षं पीडितांच्या घरीही तारखाच मोजल्या गेल्या.

केसचा १६ अक्षरी-अंकी सीएनआर नंबर मागून घ्या. ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख फुकट दिसते. जाता येणार नसेल तर वकिलामार्फत हजेरीमाफीचा अर्ज द्या, नाहीतर वॉरंट निघू शकतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाला १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.